कोणता हायड्रोजन आधी सुटतो? आम्लतेची तुलना, पायरीपायरीने

पॅरासिटामॉलच्या रेणूत नऊ हायड्रोजन असतात. चार बेंझिनच्या वलयावर, तीन मिथिलवर, एक नायट्रोजनवर आणि एक ऑक्सिजनवर. ही पूड साध्या पाण्यात फारशी विरघळत नाही, पण सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात विरघळते. कारण त्या नवांपैकी एक हायड्रोजन प्रोटॉन होऊन निघून जातो आणि ऋणभार घेऊन उरलेला रेणू पाण्यात सहज मिसळतो. बाकीचे आठ जागचे हलत नाहीत. कोणता गेला आणि तोच का गेला, हे रेणूची आकृती पाहून सांगता यायला हवं. सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या कितीतरी अभिक्रियांची पहिली पायरी हीच असते.

बारावीला, सीईटी-नीट-जेईईच्या तयारीत आणि पुढे बी.एस्सी.ला हा विषय 'वाढत्या आम्लतेनुसार क्रम लावा' अशा प्रश्नांतून समोर येतो. बहुतेक मुलं उत्तरं पाठ करतात आणि अनोळखी रेणू आला की अडतात. यात पाठ करण्यासारखं फार थोडं आहे, नऊ-दहा आकडे. बाकी सगळं कागदावर काढलं की दिसतं, फक्त काढायचं काय ते माहीत हवं. हायड्रोजन जागेवर असलेला रेणू कितीही वेळ पाहिला तरी उत्तर मिळत नाही. हायड्रोजन गेल्यावर जे मागे उरतं, म्हणजे कॉन्जुगेट बेस, ते काढायचं. त्याच्यावरचा ऋणभार जितका नीट सामावला जाईल, तितका तो हायड्रोजन सहज सुटतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या म्हणजे हा ऋणभार कशाकशाने सामावला जातो याचा शोध आहे.

आधी मोजपट्टी हातात घ्या

आम्लता मोजायचं एकक म्हणजे पीकेए. आम्लाच्या विघटनाचा समतोल स्थिरांक केए, आणि त्याच्या लॉगॅरिदमचं चिन्ह बदललं की पीकेए. चिन्ह बदलल्यामुळे मोजपट्टी उलटी चालते: आकडा लहान तेवढं आम्ल प्रबळ. आणि लॉगॅरिदम असल्यामुळे एका अंकाचा फरक म्हणजे दहा पट, सहा अंकांचा फरक म्हणजे दहा लाख पट. ही गोष्ट अंगवळणी पडायला हवी. फिनॉलचा पीकेए १० आणि एथेनॉलचा १६ असं वाचल्यावर 'थोडा फरक आहे' असं वाटत असेल तर मोजपट्टी अजून कळलेली नाही.

हे आकडे पाठ करा:

हायड्रोक्लोरिक ॲसिड: −७
ॲसेटिक ॲसिड: ४.७६
कार्बोनिक ॲसिड: ६.३५
अमोनियम आयन: ९.२५
फिनॉल: १०
एथेनॉल: १६, पाणीही जवळपास तिथेच
ॲसिटोनमधला मिथिलचा हायड्रोजन: १९ ते २०
ॲसिटिलीन: २५
अमोनिया: ३८
मिथेन, इथेन: ५०च्या आसपास

पाण्याचा आकडा काही तक्त्यांत १४ तर काहींत १५.७ दिसेल. हिशेबात पाण्याची संहती धरण्याच्या पद्धतीमुळे हा फरक पडतो. अल्कोहोलशी तुलना करताना सेंद्रिय रसायनशास्त्राची पुस्तकं सहसा १५.७ घेतात. मिथेनचा आकडा पाण्यात थेट मोजलेला नाही, तो आडमार्गाने काढलेला अंदाज आहे, म्हणून कुठे ४८ तर कुठे ५० दिसला तरी गोंधळू नका.

अमोनियम आणि अमोनिया ही दोन वेगळी आम्लं आहेत. नवख्यांचा इथे हमखास घोळ होतो. 'मिथिलअमाइनचा पीकेए १०.६' असं तक्त्यात लिहिलेलं असतं तेव्हा तो आकडा मिथिलअमाइनला प्रोटॉन चिकटून तयार झालेल्या धनभारित आयनाचा असतो. उदासीन अमाइनच्या नायट्रोजनवरचा हायड्रोजन सोडवायचा तर पीकेए ३५च्या पुढे जातो. धनभारित कण प्रोटॉन सोडून नुसता उदासीन होतो. उदासीन रेणूला मात्र ऋणभार सांभाळावा लागतो, आणि ते कितीतरी अवघड आहे.

मोजपट्टीचा उपयोग प्रॅक्टिकलच्या टेबलावर लगेच दिसतो. सोडियम बायकार्बोनेटच्या चाचणीत ॲसेटिक ॲसिड फसफसतं, फिनॉल फसफसत नाही. का? बायकार्बोनेटने प्रोटॉन घेतला की कार्बोनिक ॲसिड तयार होतं, त्याचा पीकेए ६.३५. ॲसेटिक ॲसिड ४.७६ म्हणजे त्याहून प्रबळ, समतोल सुमारे ४० पटींनी पुढच्या बाजूला, वर कार्बन डायऑक्साइड उडून जातो म्हणून अभिक्रिया आणखी पुढे रेटली जाते. फिनॉल १०, म्हणजे समतोल हजारो पटींनी मागच्या बाजूला. पण २,४-डायनायट्रोफिनॉलचा पीकेए ४.१ आणि पिक्रिक ॲसिडचा ०.४ आहे. दोघांतही कार्बोक्झिल गट नाही, तरी दोन्ही बायकार्बोनेटला फसफसवतात. चाचणी कार्बोक्झिल गट ओळखत नाही, पीकेए ओळखते.

पायरी पहिली: सगळे हायड्रोजन उघड करा

रेषांनी काढलेल्या आकृतीत कार्बनवरचे हायड्रोजन दाखवलेले नसतात आणि न दिसणारी गोष्ट विसरली जाते. म्हणून पेन्सिलने सगळे लिहून घ्या. एकसारखे असलेले एका गटात टाका: मिथिलचे तिन्ही एकच, वलयावरचे समोरासमोरचे एकच. पॅरासिटामॉलचे नऊ हायड्रोजन असे पाच गटांत बसतात, म्हणजे तुलना पाच जणांचीच उरते.

पायरी दुसरी: एकेक काढून बघा

प्रत्येक गटातला एक हायड्रोजन काढा आणि उरलेला ऋणआयन वेगळा काढा. हायड्रोजन प्रोटॉन म्हणून जातो, त्यामुळे बंधातली इलेक्ट्रॉनची जोडी मागेच राहते. ती जोडी दोन टिंबांनी दाखवा, शेजारी ऋण चिन्ह द्या. पाच गट असतील तर पाच आकृत्या. कंटाळवाणं वाटेल, पण ही पायरी गाळून पुढच्या पायऱ्या नीट करता येत नाहीत. सरावाने पुढे हे डोळ्यांनीच होतं. सुरुवातीला मात्र कागदावर झालंच पाहिजे.

पायरी तिसरी: ऋणभार कोणत्या अणूवर बसला?

दोन अणू आवर्तसारणीच्या एकाच आडव्या ओळीत असतील तर विद्युतऋणता बघा. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरिन या क्रमाने ती वाढत जाते. मिथेन ५०, अमोनिया ३८, पाणी १५.७, हायड्रोजन फ्लोराइड ३.२ हे आकडे त्याच क्रमाने उतरत येतात. इलेक्ट्रॉन घट्ट धरून ठेवणाऱ्या अणूला जादा जोडी जड जात नाही.

उभ्या स्तंभात खाली जाताना मात्र हाच नियम लावला तर उत्तर उलटं येतं. फ्लोरिन सगळ्यात विद्युतऋण, म्हणून हायड्रोजन फ्लोराइड सगळ्यात प्रबळ असायला हवं असं वाटतं. प्रत्यक्षात ते ३.२, हायड्रोक्लोरिक −७, हायड्रोब्रोमिक −९ आणि हायड्रोआयोडिक −१०. स्तंभात खाली उतरताना अणूचा आकार वाढतो. मोठ्या आयोडाइडवर तोच ऋणभार जास्त जागेत पसरतो, शिवाय हायड्रोजन आणि आयोडिनमधला बंध मुळातच कमजोर असतो: तो तोडायला मोलमागे सुमारे ३०० किलोज्यूल लागतात, तर फ्लोरिनबरोबरचा तोडायला सुमारे ५७०. एथेनॉल १६ आणि त्यातल्या ऑक्सिजनच्या जागी गंधक असलेलं एथेनथायॉल १०.६, यामागेही हेच कारण आहे. तेव्हा आडव्या ओळीत विद्युतऋणता पाहा आणि उभ्या स्तंभात आकार.

पायरी चौथी: तो ऋणभार वाटला जातो का?

सगळ्यात जास्त गुण इथे मिळतात आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात, म्हणून या पायरीवर थोडं थांबू.

एथेनॉल, फिनॉल आणि ॲसेटिक ॲसिड, तिघांतही हायड्रोजन ऑक्सिजनवरच आहे. पीकेए मात्र १६, १० आणि ४.७६. एथॉक्साइडमध्ये ऋणभार एकट्या ऑक्सिजनवर अडकतो. फिनॉक्साइडमध्ये तो रेझोनन्सने, म्हणजे इलेक्ट्रॉन एकाहून जास्त अणूंवर पसरल्याने, वलयात उतरतो. ॲसिटेटमध्ये दोन ऑक्सिजन तो निम्मा-निम्मा वाटून घेतात. डोक्यावरचा हंडा दोघींनी मिळून धरावा तसं हे होतं.

आता एक प्रश्न जरूर पडायला हवा. फिनॉक्साइडला रेझोनन्सच्या आकृत्या जास्त आहेत, ॲसिटेटला फक्त दोन. मग फिनॉल जास्त आम्लधर्मी का नाही? कारण ॲसिटेटच्या दोन्ही आकृत्या तंतोतंत सारख्या आहेत आणि दोन्हींत ऋणभार ऑक्सिजनवर आहे. फिनॉक्साइडच्या तीन आकृत्यांत तो कार्बनवर जातो, आणि तिथे जाताना वलयाचं ॲरोमॅटिकपण मोडावं लागतं. आकृत्या मोजू नका, त्यांची प्रत पाहा. ऋणभार ऑक्सिजनपर्यंत पोचतो का, हा पहिला प्रश्न.

कार्बनवरच्या हायड्रोजनलाही याच मार्गाने आम्लता येते. इथेनचा आकडा ५०, ॲसिटोनच्या मिथिलचा २०च्या आत. शेजारच्या कार्बोनिलमुळे, म्हणजे ऑक्सिजनशी दुहेरी बंध असलेल्या कार्बनमुळे, ऋणभार कार्बनवरून ऑक्सिजनवर जातो, एवढ्यानेच तीस अंकांचा फरक पडला. एका कार्बनच्या दोन्ही बाजूंना कार्बोनिल असेल तर आणखी: ॲसिटिलॲसिटोन ९, एथिल ॲसिटोॲसिटेट ११, डायएथिल मॅलोनेट १३. या तिघांचा क्रम पाहा. कीटोनच्या जागी एस्टर येतो तसा आकडा वाढतो. एकेकट्या कार्बोनिललाही हाच क्रम दिसतो: साधा कीटोन २०, साधा एस्टर २५. एस्टरमधला दुसरा ऑक्सिजन आपली इलेक्ट्रॉनजोडी कार्बोनिलला आधीच देत असतो, त्यामुळे नव्या ऋणभाराला कार्बोनिल तेवढा मोकळा मिळत नाही. अमाइडमध्ये नायट्रोजन तेच अधिक जोराने करतो, म्हणून त्याच्या शेजारचा कार्बन आणखी कमी आम्लधर्मी. नायट्रो गट सगळ्यांत उदार: एकटा असूनही नायट्रोमिथेनचा आकडा १०.२ वर आणतो.

ऋणभार नेमका कुठे पोचतो हे बाण काढून पाहिल्याशिवाय बोलू नये, हे नायट्रोफिनॉल चांगलं शिकवतात. नायट्रो गट पॅरा जागी (वलयात अगदी समोर) असेल तर पीकेए ७.१५, ऑर्थो जागी (लगतच्या कार्बनवर) ७.२, पण मेटा जागी (एक कार्बन सोडून) ८.४. फिनॉक्साइडचा ऋणभार वलयात ऑर्थो आणि पॅरा कार्बनवरच येतो. तिथे नायट्रो असेल तर तो ऋणभार थेट नायट्रोच्या ऑक्सिजनवर जातो. मेटा जागेवर तो येतच नाही, म्हणून मेटा-नायट्रो फक्त लांबून इलेक्ट्रॉन ओढून मदत करतो.

रेझोनन्स आहे असं वाटावं आणि तो नसावा, अशा तीन जागा नीट ओळखून ठेवा. पहिली, ॲल्डिहाइडमधला कार्बोनिलच्याच कार्बनवरचा हायड्रोजन. तो काढला तर उरलेली जोडी रेणूच्या प्रतलात असते आणि कार्बोनिलचे पाय (π) इलेक्ट्रॉन, म्हणजे दुहेरी बंधातले, त्याला काटकोनात. दोघांची गाठ पडत नाही, रेझोनन्स नाही. आम्लधर्मी असतात ते शेजारच्या कार्बनवरचे, म्हणजे अल्फा हायड्रोजन. दुसरी, बेंझिनच्या वलयावरचे हायड्रोजन. ऋणभार वलयावर आहे म्हणून तो वलयात फिरेल असं वाटतं, पण तीही जोडी प्रतलातच असते. बेंझिनचा पीकेए ४३च्या आसपास आहे. तिसरी, पुलासारखी जोडलेली दोन वलयं असलेले कीटोन, जसा नॉर्कँफर. त्याच्या सांध्यावरच्या कार्बनचा हायड्रोजन कागदावर अल्फा दिसतो. पण तिथे दुहेरी बंध करायचा तर वलय इतकं पिळावं लागेल की ते शक्य होत नाही. म्हणून बेस दुसऱ्या बाजूचा अल्फा हायड्रोजन घेतो.

आणि रेझोनन्सचं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे सायक्लोपेंटाडाइन. नुसता कार्बन आणि हायड्रोजन, जवळपास ना ऑक्सिजन ना नायट्रोजन, तरी पीकेए १६च्या आसपास, म्हणजे अल्कोहोलइतका. प्रोटॉन गेल्यावर पाच कार्बनच्या वलयात सहा पाय इलेक्ट्रॉन होतात आणि वलय ॲरोमॅटिक बनतं. सात कार्बनच्या सायक्लोहेप्टाट्राइनमधून प्रोटॉन काढला तर इलेक्ट्रॉन होतात आठ, ॲरोमॅटिकपण मिळत नाही आणि पीकेए ३६च्याही आसपास राहतो. रेझोनन्सच्या आकृत्या सातच्या वलयाला जास्त असूनही.

पायरी पाचवी: शेजारी इलेक्ट्रॉन ओढतायत का?

अणू तोच आणि रेझोनन्स तोच असेल तर फरक शेजाऱ्यांमुळे पडतो. ॲसेटिक ॲसिड ४.७६. एक क्लोरिन लावला की २.८६, तीन लावले की ०.६५च्या आसपास. क्लोरिन बंधांमधून इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो आणि कार्बोक्झिलेटवरचा ऋणभार हलका करतो.

हा परिणाम अंतराबरोबर झपाट्याने ओसरतो. ब्युटेनॉइक ॲसिड ४.८२. कार्बोक्झिलच्या लगतच्या कार्बनवर क्लोरिन असेल तर २.८६, त्यापुढच्यावर ४.०५, त्याच्याही पुढच्यावर ४.५२. तिसऱ्या कार्बनपर्यंत क्लोरिनचा जोर जवळजवळ संपला.

धनभारित गट तर क्लोरिनहूनही जोरात ओढतो. ग्लायसिनमधल्या कार्बोक्झिलचा पीकेए २.३४ आहे, कारण शेजारी अमोनियम गट बसलेला असतो. अमिनो ॲसिडच्या कार्बोक्झिलला ४.७६ धरून सामूचे हिशेब करणाऱ्यांची उत्तरं इथेच चुकतात.

पायरी सहावी: जोडी कोणत्या ऑर्बिटलमध्ये आहे?

इथेन ५०, इथीन ४४, ॲसिटिलीन २५. ऑर्बिटलमध्ये एसचा वाटा २५ टक्के, ३३ टक्के आणि ५० टक्के. एस ऑर्बिटल केंद्रकाच्या जवळ असतं, म्हणून तिथली जोडी केंद्रक घट्ट धरून ठेवतं. टोकाला तिहेरी बंध दिसला की हा हायड्रोजन लक्षात घ्या, एवढंच. बाकी वेळी ही पायरी क्वचितच निर्णायक ठरते.

पायऱ्यांची टक्कर झाली तर

अणू, रेझोनन्स, शेजाऱ्यांची ओढ, ऑर्बिटल हा क्रम अनेक क्लासमध्ये सूत्रासारखा शिकवला जातो: वरच्या पायरीवर फरक दिसला की खालची पाहायची नाही. तपासणीचा क्रम म्हणून तो चांगला आहे, पण त्याला कायदा मानू नका. अमोनियात ऋणभार नायट्रोजनवर, ॲसिटिलीनमध्ये कार्बनवर. या क्रमातल्या पहिल्या निकषानुसार, म्हणजे अणूनुसार, अमोनिया जिंकायला हवा. प्रत्यक्षात ॲसिटिलीन १३ अंकांनी प्रबळ आहे. म्हणून तर सोडामाइड (अमोनियाचा प्रोटॉन गेल्यावर उरणारा बेस) ॲसिटिलीनचा प्रोटॉन काढू शकतं. इथे ऑर्बिटलने अणूला हरवलं. ॲसिटिलॲसिटोनचा कार्बनवरचा हायड्रोजन ९ आणि एथेनॉलचा ऑक्सिजनवरचा १६: इथे रेझोनन्सने अणूला हरवलं.

अशा वेळी सूत्र कामाला येत नाही, पाठ केलेले आकडे येतात. पायऱ्या दिशा सांगतात, किती ते आकडे सांगतात. अनोळखी रेणूतला प्रत्येक हायड्रोजन यादीतल्या सर्वांत जवळच्या नातेवाइकापाशी नेऊन ठेवा: हा एथेनॉलसारखा, म्हणजे १६च्या आसपास, शेजारी फ्लोरिन आहेत म्हणून थोडा खाली. ट्रायफ्लुओरोएथेनॉलचा खरा आकडा १२.४ आहे. असा अंदाज एक-दोन अंकांनी चुकला तरी क्रम बहुतेक वेळा बरोबर येतो.

द्रावक आणि रेणूच्या आतला हात

पाठ्यपुस्तकात मिथेनॉल १५.५, एथेनॉल १६, टर्शरी ब्युटेनॉल १८ असा क्रम असतो आणि कारण दिलेलं असतं की मिथिल गट इलेक्ट्रॉन ढकलतात. हे कारण पुरेसं नाही. १९६८ ते १९७० या काळात ब्राउमन आणि ब्लेअर या रसायनशास्त्रज्ञांनी वायुरूप अवस्थेत मोजणी केली तेव्हा क्रम उलटा निघाला: टर्शरी ब्युटेनॉल सगळ्यात प्रबळ. मोठा रेणू एकटा असताना ऋणभार जास्त चांगला सामावतो. पाण्यात मात्र मिथिल गटांच्या गर्दीमुळे पाण्याचे रेणू त्या ऑक्सिजनला नीट वेढू शकत नाहीत, म्हणून तो मागे पडतो. परीक्षेत पाण्यातलाच क्रम लिहायचा, पण कारण देताना द्रावकाचा उल्लेख करा.

द्रावक बदलला की सगळे आकडे सरकतात. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात फ्रेडरिक बोर्डवेल यांनी डायमिथिल सल्फॉक्साइडमध्ये शेकडो संयुगांचे पीकेए मोजले. त्या तक्त्यात पाणी ३१च्या वर, फिनॉल १८ आणि ॲसेटिक ॲसिड १२.३ आहे. ऋणआयनाला वेढून धरणारे हायड्रोजन बंध त्या द्रावकात मिळत नाहीत, म्हणून आकडे वर जातात. एक आकडा या तक्त्यातला आणि दुसरा पाण्यातला घेऊन कधीही तुलना करू नका.

रेणूच्या आतला हायड्रोजन बंधही क्रम फिरवतो. सॅलिसिलिक ॲसिडचा पीकेए २.९७, तर हायड्रॉक्सी गट पॅरा जागी असलेल्या त्याच्या भावंडाचा ४.५च्या आसपास. सॅलिसिलिकमध्ये शेजारचा हायड्रॉक्सी गट कार्बोक्झिलेटच्या ऑक्सिजनला आपल्या हायड्रोजनने धरून ठेवतो. त्यामुळे तोच हायड्रॉक्सीचा हायड्रोजन मग सहजासहजी सुटत नाही: त्याचा पीकेए १३च्या पुढे, साध्या फिनॉलहून बराच वर.

सोडवून पाहू: पॅरासिटामॉल

पाच आकृत्या काढल्या असतील तर तीन लगेच बाद होतात. वलयावरच्या दोन गटांत ऋणभार प्रतलात अडकतो, ते बेंझिनचे नातेवाईक, चाळिशीच्या पुढचे. मिथिल हा अमाइडचा अल्फा, म्हणजे एस्टरच्या २५हूनही वर. उरले नायट्रोजन आणि ऑक्सिजन. नायट्रोजनवरचा ऋणभार कार्बोनिलच्या ऑक्सिजनपर्यंत पोचतो, तेव्हा हा सामना वाटतो तितका एकतर्फी नाही. इथे एकाच द्रावकातले नातेवाईक घ्या: बोर्डवेल यांच्या तक्त्यात ॲसिटॅनिलाइड २१.५, फिनॉल १८. फिनॉल जिंकतो. पॅरासिटामॉलचा पाण्यातला पीकेए सुमारे ९.५ आहे, फिनॉलच्या अगदी जवळ.

यावरून आणखी एक गोष्ट निघते. ९.५ हा आकडा कार्बोनिक ॲसिडच्या ६.३५हून बराच वर, म्हणजे पॅरासिटामॉल बायकार्बोनेटला फसफसवणार नाही. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांत म्हणून सायट्रिकसारखं दुसरं आम्ल घालावं लागतं. रक्ताचा सामू ७.४. तिथे पॅरासिटामॉलचा एक टक्क्याहूनही कमी भाग ऋणभारित असतो, तर ३.५ पीकेए असलेलं ॲस्पिरिन जवळजवळ पूर्ण ऋणभारित. औषध शरीरात कुठे किती शिरतं याचा विचार करणाऱ्यांना हा फरक फार मोलाचा.

थोडं अवघड: क जीवनसत्त्व

आवळ्यातलं ॲस्कॉर्बिक ॲसिड. नावात ॲसिड आहे, पण रेणूत कार्बोक्झिल गट नाही. नॉर्मन हॉवर्थ यांना १९३७ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात या रेणूच्या रचनेवरच्या कामाचा वाटा होता. रचना अशी: पाच अणूंचं वलय, त्यात एस्टर. पहिला कार्बन कार्बोनिलचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या कार्बनमध्ये दुहेरी बंध, दोघांवर एकेक हायड्रॉक्सी. वलयाबाहेरच्या साखळीत पाचव्या आणि सहाव्या कार्बनवर आणखी दोन हायड्रॉक्सी. चारांपैकी कोणता?

साखळीवरचे दोन साधे अल्कोहोल, १६च्या आसपासचे. ते बाजूला ठेवा. आता तिसऱ्या कार्बनवरचा हायड्रोजन काढा आणि बाण फिरवा: ऑक्सिजनवरची जोडी तिसऱ्या कार्बनकडे, दुहेरी बंध दुसऱ्या आणि पहिल्याच्या मध्ये, तिथून कार्बोनिलच्या ऑक्सिजनवर. ऋणभार एका ऑक्सिजनवरून दुसऱ्या ऑक्सिजनवर पोचला, ॲसिटेटमध्ये पोचतो तसाच, फक्त मध्ये दोन कार्बन जास्त. दुसऱ्या कार्बनवरचा काढला तर तीच जोडी फिरून तिसऱ्या कार्बनवर येते आणि तिथेच थांबते, कार्बोनिल वाटेत येत नाही. तेव्हा उत्तर तिसऱ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सी, आणि त्याचा पीकेए ४.२, ॲसेटिक ॲसिडहूनही प्रबळ. दुसऱ्याचा ११.६. तोही साध्या अल्कोहोलपेक्षा खाली आहे, पण तो सुटेपर्यंत रेणूवर एक ऋणभार आधीच बसलेला असतो, हे विसरू नका.

बेस निवडताना

प्रयोगशाळेत हाच हिशेब उलट्या दिशेने करतात: हा हायड्रोजन काढायचा आहे, कोणता बेस घेऊ? बेसला प्रोटॉन मिळाल्यावर जे आम्ल तयार होतं, त्याचा पीकेए तुमच्या हायड्रोजनपेक्षा वर हवा. डायएथिल मॅलोनेट १३, एथॉक्साइडचं आम्ल एथेनॉल १६: हजार पटींनी पुढे, काम होतं. साधा कीटोन २०: एथॉक्साइडने थोडाच भाग सुटतो. पूर्ण सोडवायचा तर ३६ पीकेए असलेल्या डायआयसोप्रोपिलअमाइनपासून केलेला लिथियमचा बेस, म्हणजे एलडीए, घेतात. ग्रीन्यार अभिकर्मकाच्या (कार्बनला मॅग्नेशियम जोडलेल्या संयुगाच्या) भांड्यात ओलावा चालत नाही तो याच कारणाने. त्याचं आम्ल ५०च्या घरातलं, पाणी १६च्या, त्यामुळे मिळेल तो पाण्याचा प्रोटॉन तो आधी घेतो. रेणूत हायड्रॉक्सी असेल तर त्याचाही आधीच घेतो.

शेवटी एक सराव. एथिल ॲसिटोॲसिटेटमध्ये दहा हायड्रोजन आहेत. दोन कार्बोनिलच्या मधल्या कार्बनवरचा, ११ पीकेएचा, सगळ्यात आधी जातो हे आता सांगता येईल. पण बेस दुप्पट घातला, पहिला प्रोटॉन सोडियम हायड्राइडने आणि दुसरा ब्युटिललिथियमने काढला, तर दुसरा कुठून जाईल? एथिलचे पाच तपासा: त्यांचा ऋणभार कुठल्याच कार्बोनिलपर्यंत पोचत नाही. मधल्या कार्बनवर आधीच ऋणभार आहे. उरतं कीटोनच्या टोकाचं मिथिल, आणि तिथूनच तो जातो. आता या दुहेरी ऋणआयनात एक मोल मिथिल आयोडाइड घाला. ते मधल्या कार्बनला चिकटत नाही, टोकाच्या कार्बनला चिकटतं. टोकाचा हायड्रोजन सोडवायला सगळ्यात अवघड होता, म्हणजे तो गेल्यावर उरलेली जोडी सगळ्यात अस्वस्थ, आणि अभिक्रियेला तीच आधी धावते. मधल्या कार्बनला काही जोडायचं असेल तर बेस एकच मोल घ्या.